झिजलेलं पाऊल

शेवटच्या नखाला रंग देऊन त्याने कुंचला खाली ठेवला. मूर्ती गॉथिक काळातली, लाकडाची. निष्प्राण येशूला मांडीवर घेऊन बसलेली मरिया. युरोपातल्या किनाऱ्यावरच्या या गावाने सहाशे वर्षं हात लावून लावून येशूचं एक पाऊल पार गोटा करून टाकलं होतं. दुरुस्तीसाठी शहरातून आलेल्या या कारागिराने नवं लाकूड जोडून पाची बोटं हुबेहूब कोरली होती.

रविवारी चर्च उघडलं, तेव्हा कौतुक ऐकायला तो मुद्दाम खांबाशी रेंगाळला. एक म्हातारी सवयीने पुढे आली, तिने पाऊल ओंजळीत धरलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काही चुकलं का, आजी?"

"नाही रे. काम सुरेख आहे." तिने नव्या बोटांवरून अंगठा फिरवला. "आमची पोरं समुद्रावर जातात. बुडाली तर देह हाती लागतोच असं नाही. माझ्या पोराचाही लागला नाही. बोटं नव्हती तोवर हा कुणाच्याही पोराचा पाय होता. म्हणून आम्ही बायका तो धरून बसायचो."

तिने पाऊल अलगद सोडलं आणि वर मरियेकडे पाहिलं.

"आता हा फक्त हिचा झाला."