कानात सांगायचं वाक्य

पाचवा शब्द कृष्णाबाईंनी बुधवारी दिला. संजनाने तो मोबाइलमध्ये देवनागरीत लिहून घेतला आणि तीनदा म्हणून दाखवला.

"जीभ जरा मागे ओढ. हां, आता झालं."

"म्हणजे वाक्य पूर्ण झालं, आई?"

"झालं. शेवटच्या शब्दापासून उलटं म्हणायचं. पण आज नाही. मी गेल्यावर, माझ्या कानाशी."

घाटाखालच्या त्यांच्या वाडीची बोली येणारं दुसरं कोणी आता उरलं नव्हतं. जाऊ नर्मदा होती, ती दिवाळीत वारली. तेव्हा गावाकडच्यांनी तिच्या कानाला फोन लावला आणि कृष्णाबाईंनी आखातातल्या, रोल्लातल्या या फ्लॅटमधून ते वाक्य तिला सांगितलं. तू मेलीस, आता निघ, एवढाच त्याचा अर्थ. वाडीच्या माणसाला हे त्याच्या बोलीतच सांगावं लागतं. नाहीतर त्याला कळतच नाही. मुलगा परेश लांब, रुवैसला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणारा, आणि त्याला बोली कधी आलीच नाही. राहिली सून.

"मराठीत सांगितलं तर नाही का चालणार?" संजनाने एकदा विचारलं होतं.

"माझ्या सासूला कोणीतरी घाईत मराठीतच सांगितलं होतं. बारा वर्षं चुलीपाशी बसून होती."

"मग?"

"मग काय, आम्हीच दुसरं घर बांधलं."

दुपारी कृष्णाबाई जेवून आडव्या झाल्या. संजनाने ऑफिसचा कॉल म्यूट केला आणि मोबाइल उघडला. एखादा शब्द चुकला तर? या वन-बीएचकेमध्ये दुसरं घर कुठून आणायचं? तिने खोलीत डोकावून पाहिलं. कृष्णाबाईंचं तोंड उघडं होतं, श्वास संथ होता. ती उशाशी बसली आणि केवळ सवय व्हावी म्हणून पाचही शब्द उलट्या क्रमाने, एका दमात, हळूच म्हणाली.

कृष्णाबाईंनी डोळे उघडले.

"बरोबर म्हटलंस."

"सॉरी, आई! मला वाटलं तुम्ही झोपलात. प्रॅक्टिस करत होते फक्त..."

कृष्णाबाई उठल्या, पदर सारखा केला, चष्मा काढून उशीवर ठेवला आणि अनवाणीच दाराबाहेर पडल्या. संजना किल्ली शोधेपर्यंत त्या जिन्याने उतरूनही गेल्या होत्या.

ती लिफ्टने खाली आली. लॉबीच्या काचेच्या दाराला कपाळ टेकेल इतक्या जवळ कृष्णाबाई उभ्या होत्या. मांजर आलं तरी आपोआप सरकणारं ते दार बंदच होतं.

"लियाकतभाई, अम्मा कब से खडी हैं?"

वॉचमनने मोबाइलमधून मान वर काढली आणि तो दचकला. "मालूम नहीं, भाभी. दरवाजा खुला नहीं, तो मैंने देखा ही नहीं."

संजना लिफ्टपाशीच थांबली. आणखी दोन पावलं टाकली असती, तर दार तिच्यासाठी उघडलं असतं.

मागे न पाहता कृष्णाबाई म्हणाल्या, "ये ना गं पुढे. माझ्यानं उघडत नाही."