शिवू नका

नवऱ्याने माझे लिहिलेले कागद माडीवरच्या खोलीतून खाली आणले आणि थेट ओट्यावर ठेवले.

“पाळीत बाजूला बसणं आजपासून बंद,” तो छाती फुगवून म्हणाला. “जग कुठे चाललंय.”

सासूबाईंनी मान डोलावली. “पोळ्या लाटायला घे गं. आता विटाळबिटाळ काही नाही.”

मला कुणी विचारलं? महिन्यातले तेवढेच चार दिवस ती खोली माझी असायची, तेव्हाच लिहिता यायचं. एरवी जिथे बसावं तिथून कुणीतरी उठवतं. वरच्या पानाला ओट्यावरचं तेल लागलं होतं.

मी कागद उचलून जिना चढू लागले. तो आडवा आला.

“दूर व्हा, शिवू नका,” मी म्हणाले. “तुम्ही खुशाल सोडा. मी पाळणार आहे. आणि माझं ताट दाराबाहेर ठेवा.”