काचेतला जिताडा

जिताड्याच्या तुकड्या तव्यावर चुरचुरत होत्या आणि अरुणा चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, हा मासा कुठून आला?"

"तुझे ते करावे गावचे गोटीराम देऊन गेले. चपला काढ आधी." सासूबाईंनी एक तुकडी उलटली. रविवारच्या दुपारी, शेगडीपाशी, त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं.

"आणि तुम्ही तो कापलात?"

"मग? अख्खा कसा मावायचा तव्यात?"

अरुणा पाटावर बसली.

उद्या सकाळी वाशीच्या सरकारी निसर्ग संग्रहालयातलं खाडीचं दालन उघडायचं होतं. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पण दोन वर्षं खपून तिने ते उभं केलं होतं. पेंढा भरलेला रोहित पक्षी एका पायावर उभा होता. तिवरांची मुळं, शिंपले, चिंबोऱ्या, निवट्या, सगळं जागच्या जागी होतं. मधल्या कपाटात फक्त एक उंच बरणी रिकामी होती. तिच्याखाली चिठ्ठी चिकटवून झाली होती: जिताडा. खाडीकाठच्या माणसाला खाडीचं दालन दाखवायचं आणि त्यात जिताडा नाही, हे तिला देवळात मूर्ती नसल्यासारखं वाटत होतं.

गोटीराम म्हात्रे तिला बाकीचे मासे आणून देत. आले की हात मागे बांधून कपाटांपुढून फिरत. जाताना विचारत, "बाय, जेवलीस का?" जिताड्याचं म्हटलं की मात्र हसत. "मिलंल. तो काय सांगून येतो?" पर आणि खवले शाबूत हवेत, एवढंच ती दर वेळी बजावत असे.

बेल वाजली. शेजारच्या स्मितावहिनी रिकामी वाटी घेऊन आल्या होत्या. "काकू, काय मासा होता हो! आमच्या ह्यांनी तर वाटी बोटाने पुसली. अरुणा, मजा आहे बाई तुझी!"

दार लागताच अरुणा म्हणाली, "तुम्ही वाटलात पण?"

"चार घरी पाठवला. अशी वस्तू घरात आली की एकट्याने खायची असते का? तुझ्यासाठी डोकं ठेवलंय. कालवणात आहे."

"आई, अहो, तो खायला नव्हता! बरणीत ठेवायला मागवला होता मी."

"अगं, ऐकून तर घे..."

"काय ऐकू? तुम्ही पेणच्या. सरकारी माणसाच्या दारात जिताडा का येतो, ते तुम्हाला मी सांगायला हवं?"

सासूबाईंनी गॅस बारीक केला.

अरुणाला स्वतःचाच आवाज कानाला लागला. सासूबाई तिला कधी टोचून बोलल्या नव्हत्या. लग्नाला चार वर्षं झाली, तिच्या माहेरचं कुणी या दाराशी आलं नाही, त्याबद्दलसुद्धा नाही. पण आज तिला राहवेना. या भागात जिताड्याने कितीतरी कागद पुढे सरकले होते. मोजणीला आलेला साहेब, पंचनाम्याला आलेला साहेब, सगळ्यांना जिताडा लागे आणि प्रत्येकाकडे मागायला काहीतरी निमित्त असे. आपण त्यातल्या नाही, हे गावाला पटवायला तिला दोन वर्षं लागली होती. आता उद्या गोटीराम येतील, हात मागे बांधून मधल्या कपाटापुढे उभे राहतील, रिकामी बरणी बघतील. बोलणार काहीच नाहीत. पण बाईनेही संग्रहालयाचं नाव सांगून मासा घरी शिजवला, हे त्यांना कळेल. मग गावातून साधी शिंपलीसुद्धा येणार नाही, आणि आली तरी तिला ती घेववणार नाही.

ती उठली. "मी करावेला जाऊन येते."

"काय सांगणार त्यांना?"

"झालं ते."

"एवढ्या उन्हात जाऊ नको. निदान पाणी पिऊन जा."

अरुणाने फ्रिज उघडला. बाटलीकडे गेलेला तिचा हात तसाच थांबला. खालच्या कप्प्यात, भाजीचा डबा काढून केलेल्या जागेत, ओल्या फडक्यात काहीतरी लांबट गुंडाळून ठेवलं होतं. तिने फडकं उचललं. चंदेरी अंग, स्वच्छ डोळा. पाठीवरचा पर तिने बोटाने हळूच उभा केला; एकही काटा मोडलेला नव्हता. पोटापासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं. खवला न् खवला जागेवर होता. तिने वीत टाकून पाहिली. बरणीत नेमका मावेल एवढाच होता.

"आई, हा...?"

"मघापासून तेच सांगत होते. तू बोलू देशील तर ना!"

"मग तव्यावरचा?"

सासूबाईंनी ताट घेतलं. त्यात भात वाढला, शेजारी कालवणातलं डोकं ठेवलं आणि ताट तिच्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "दोन गावले म्हणाले त्यांना. दारातच उभे राहिले, आत काही येईनात. म्हणाले, 'बारका तिचे काचंत ठेवा. मोठा बायचे म्हायेरचा हाय, त्यो शेजारीपाजारी वाटा.'"