लाखोळीचं पीठ

पडद्यावरची रेघ तिसऱ्यांदाही सपाटच आली. औषधाचे कण विषाणूला चिकटलेच नव्हते.

कण कसले, केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील अशा पुरचुंड्याच. आत औषध, बाहेरून लाखोळीतलं, म्हणजे लाखेच्या डाळीतलं, एक प्रथिन. विषाणूच्या अंगावर साखर असते. हे प्रथिन ती घट्ट धरतं आणि औषध नेमकं तिथंच पोचतं. गेल्या दिवाळीत मेघाने दिघोरी गावच्या घरून, कोठीतली मूठभर लाखोळी नागपूरच्या प्रयोगशाळेत आणली होती. तिच्यातल्या प्रथिनाने हे काम चोख केलं. बाजारातल्या लाखोळीचा वाण वेगळा, तिला ते काही जमेना. नोव्हेंबरअखेर पुन्हा करून दाखव, नाहीतर हा विषय बंद, असं तिथल्या सरांनी तिला सांगून टाकलं होतं. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून दसऱ्याला तिने आईला फोन केला, दवाईसाठी लाखोळी पाहिजे म्हणाली. सत्यभामाबाईंनी एसटीने पाच किलो पाठवली. लेकीचे हात दुखायला नकोत म्हणून दळूनच.

आज नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख, आणि आईच्या पिठाची ही तिसरी चाचणी फसली होती. मेघाला रडूच येत होतं. तरी तिने घरी फोन लावला आणि दळायच्या आधी लाखोळीचं काय केलं होतं ते विचारलं.

"काय करीन? तीन पान्यात उकडली, पानी फेकलं, उनात वाळवली," आई म्हणाली. "दवाई म्हनजे कोनाच्या तरी लेकराच्या पोटात जाईन. तुझ्या बाबाचे पाय हिच्यानंच गेले ना?"

खरंच होतं ते. दुष्काळात दोन्ही वेळ लाखोळीच खाऊन परसरामचे पाय लहानपणीच लुळे पडले होते. तेव्हापासून त्या घरात उकळून पाणी फेकल्याशिवाय लाखोळी कोणी तोंडात घालत नसे. उकडलं की प्रथिन कामातून जातं, हे मात्र मेघाने आईला कधी सांगितलंच नव्हतं. चूक तिचीच होती. तिने आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. कच्ची मूठभर उरली असेल तर पहाटेच्या गाडीने येते, बियाण्यातली असली तरी चालेल, म्हणाली.

"बियान्यातलीच तं देल्ली तुले," आई म्हणाली. "दवाईसाठी म्हटल्यावर हात आखडू का, बाई? यंदा धानाच्या बांधीत पेराले बी नाही ठेवली."