तिच्या चालीनं

हळदीच्या पोत्यांची थप्पी. मणक्याचं ऑपरेशन. बुटांचा नवा जोड. मोटारीवर हलणारे लोखंडी पाय.

थप्पीवरून पडल्यापासून पुंजाजींना चालता येत नव्हतं. आज हिंगोलीच्या सेंटरात फिजिओथेरपिस्ट शीतलनं ते लोखंडी पाय त्यांच्या पायांना बांधले आणि त्यांना उभं केलं.

"काका, आधी कसं चालायचात? वेग किती ठेवू?"

"झपझप. जोरात ठेव."

"न्हाई पोरी, एकदम हळू ठेव," त्यांची बायको चतुराबाई म्हणाली.

"काहून? बैल हाय का मी?"

"बैल तरी हाकेला थांबतो."

शीतलनं हसत वेग कमी केला. मशीन घुरघुरलं. पुंजाजींचं एक पाऊल पडलं, मग दुसरं. चतुराबाई शेजारून चालू लागली.

"लई हळू होऊन राहिलं. लोक हसतील."

"हसू द्या. मला नवरा दिसून राहिला."

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी येताना, आखाडा बाळापूरच्या स्टँडवर पुंजाजी झपझप पुढं निघून गेले होते आणि चतुराबाई मान खाली घालून भलत्याच माणसाच्या मागं चालत गेली होती आणि शिरड शहापूरच्या गाडीत बसली होती.