रविवारी बरी असते

"इंजिन बंद करू नको," गॅरेजवाला भगीरथ म्हणाला. त्याने स्टेअरिंगखाली बिघाड तपासायच्या स्कॅनरची पिन बसवली आणि पडद्याकडे बघत राहिला.

धर्माचा जीव वरखाली होत होता. "आकडे नंतर बघ रे. तो इंजिनचा पिवळा दिवा तेवढा घालव. कल्याणला पोचायचंय. मधेच गाडी बंद पडली तर?"

मागच्या सीटवर त्याची बायको कमळ शाल पांघरून आडवी झाली होती. धसईहून निघाल्यापासून ती झोपलीच होती. दिवाळीनंतर तिचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. मुरबाडच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या आणि शेवटी डोक्याचा फोटो काढायला कल्याणला पाठवलं. गाठ हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. धर्माच्या मनातून तो हलत नव्हता.

धर्मा वाटेवरच्या गावांतल्या बायकांना गाडीतून मुरबाडच्या एका कंपनीत नेऊन सोडायचा. कमळही तिथेच पॅकिंगला होती. सगळ्यांच्या आधी ती गाडीत बसायची आणि सगळ्यांच्या नंतर उतरायची. आजही बाकीच्यांना सोडून ते दोघं थेट गॅरेजवर आले होते.

"धुराचा सेन्सर नवीन टाकलाय," धर्मा म्हणाला. "तरी दिवा जात नाय."

"सेन्सर ठीक आहे." पडद्यावरची रेघ वरखाली नाचायला हवी होती. ती तळाला चिकटून बसली होती. "धुरात हवा जास्त आहे म्हणतोय. म्हणजे धुराची नळी इंजिनजवळच फुटलीय. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते."

"जाऊ दे की हवा. उद्या जोडू नळी."

भगीरथ टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. सांध्याभोवती काजळी होती. ती वर गाडीच्या तळाच्या पत्र्यापर्यंत पसरली होती, आणि पत्रा गंजून तिथे भोक पडलं होतं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"वहिनींना काय होतं म्हणालास?"

"डोकं दुखतं. चक्कर येते, उलट्या होतात."

"रविवारी?"

"रविवारचं काय मधेच?" धर्मा वैतागला. मग थबकला. "रविवारी बरी असते. परवा दिवसभर भात झोडत होती. आई तर म्हणते, कामाच्या दिवशीच हिची सोंगं."

भगीरथने आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. "आधी त्यांना खाली घे. हवा आत जाते तिथूनच धूर बाहेर येतोय. तो सगळा गाडीत भरतोय. त्यातल्या विषाला वास नसतो रे!"

धर्माने आपल्या बाजूच्या काचेकडे पाहिलं. तंबाखू थुंकायला ती कायम खाली असायची. मागच्या काचा थंडीमुळे बंद होत्या.

"कमळ! कमळ, ऊठ गो!"

ती उठली नाही. दोघांनी तिला उचलून बाहेर आणलं, उघड्यावर बाकावर टेकवलं. धर्मा तिचे गाल थोपटत राहिला, हाका मारत राहिला. किती तरी वेळाने तिने डोळे उघडले, खोल श्वास घेतला.

"आलं काय कल्याण?"

धर्माला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. भगीरथने रस्त्यावरची रिक्षा थांबवली. "सरळ दवाखान्यात जा. छातीत गाडीचा धूर गेलाय म्हणून सांग."

रिक्षात कमळचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. तोंडावर वारा लागत होता. संध्याकाळी कंपनीच्या फाटकापाशी बायका गाडीची वाट बघत उभ्या राहतील, हे त्याला आठवलं. त्याने त्यांच्यातल्या सकुबाईला फोन लावला.

"मावशी, आज गाडी येणार नाय. सगळ्या एसटीने जा." मग त्याने विचारलं, "तुझं डोकं दुखतं काय गो?"



"आमचं सगळ्यांचंच दुखतं," सकुबाई म्हणाली. "पण तुला कोणी सांगितलं?"