दहा शर्ट

फोन डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाला कडी. शिलाईकाकूंनी कडी दोनदा ओढून पाहिली, टायमर पंचवीस मिनिटांवर फिरवला, कानामागे पेन्सिल खोचली आणि पहिला शर्ट मांडीवर घेतला.

एका वेळी एकच शर्ट. टायमर वाजेपर्यंत जागचं हलायचं नाही. वाजला की खिडकीपर्यंत दोन फेऱ्या, घोटभर पाणी आणि पुन्हा सुई. हे नियम लेकीने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवले होते. सुरुवातीला काकूंना रागच आला होता. तीस वर्षं शिंपीमास्तरांच्या दुकानात बटणं लावली, आणि आता ही कालची पोर आपल्याला काम शिकवणार!

पण नवरा गेल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, हेही खरंच. दूध उतू जाई. सुई हातात धरून त्या तासन्‌तास भिंतीकडे बघत बसत. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला शिस्त लावा, हाताला काम द्या. मग लेकच मास्तरांना भेटून आली.

"रोज दहा शर्ट, आई. सकाळी गठ्ठा मी आणीन, संध्याकाळी मीच नेऊन देईन. तू फक्त खाडा करू नकोस."

खाडा झाला तर काय, ते तिने सांगितलं नव्हतं. काकूंनी ते दाराआडून ऐकलं होतं. थोरला मुलगा फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत होता की बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. आईला संस्थेत ठेवू, तिथे नीट बघतील. आणि लेक म्हणत होती, "आई रोज काम करते, दादा. ज्या दिवशी तिचा हात थांबेल, त्या दिवशी बोल." बाकी काही डोक्यात राहो न राहो, एवढं मात्र घट्ट बसलं होतं. हे घर त्यांना सोडायचं नव्हतं.

म्हणून कॅलेंडर. दहा शर्ट झाले की त्या दिवसाच्या चौकोनात 'दहा' लिहायचं आणि पुढे बरोबरची खूण करायची. काकूंच्या खुणेची शेपटी ही एवढी लांब, शेजारच्या चौकोनात घुसणारी. आणि घाईघाईत मापं टिपून टिपून त्यांच्या अक्षरावरची रेघ तर कधीच गळून पडली होती. एकाही दिवसाचा खाडा नव्हता. ते पाहिलं की जिवाला बरं वाटे.

दुपारी लेक जेवायला घरी आली.

"मास्तरांना सांग, कापड अगदीच हलकं वापरायला लागलेत," काकू म्हणाल्या. "बटणाच्या जागी बघ, नुसती भोकं भोकं. आणि एकाच्या कॉलरला चक्क शाईचा डाग."

"निळ्या चौकटीच्या ना?"

"तुला गं कसं कळलं?"

लेकीने तोंडातला घास गिळला. "सकाळी गठ्ठा सोडताना दिसला होता."

"मग तेव्हाच परत द्यायचा ना! डोळे काय गहाण टाकले होतेस?"

"चुकलं, बाईसाहेब." लेक हसली, पण तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"झोपत जा जरा वेळेवर. मला नियम चिकटवतेस आणि तुला एकही लागू नाही."

लेक ताट उचलून गेली.

त्या दुपारी काकूंचा हात असा चालला की विचारू नका. एकदाही लक्ष ढळलं नाही. चार वाजले आणि दहावा शर्ट घडी होऊन बाजूला पडला. लेक यायला अजून दोन तास होते. काकूंना वाटलं, आज आपणच गठ्ठा नेऊन टाकावा. मास्तरही बघतील, म्हातारीत अजून दम आहे!

मोठी पिशवी हवी म्हणून त्यांनी लेकीचं कपाट उघडलं. पिशवीमागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. सहज उघडला. आत एक छोटी कात्री होती आणि दाबून दाबून भरलेले दोऱ्याचे तुकडे. पांढरे, निळे, कॉफी रंगाचे. प्रत्येकाच्या टोकाला गाठ. तीन वेढ्यांची.

तीन वेढे दुकानात फक्त काकूच द्यायच्या.

त्यांनी निळ्या चौकटीचा शर्ट उचलला, आत्ताच लावलेलं बटण वाकवून खाली पाहिलं. जुनी भोकं मोजता येईनात. कापड हलकं नव्हतं. मास्तरांकडून काही येत नव्हतं आणि मास्तरांकडे काही जात नव्हतं. तेच दहा शर्ट होते. लेक रोज रात्री बटणं उसवत होती आणि सकाळी नवा गठ्ठा म्हणून समोर ठेवत होती.

काकूंना संताप आला. आपल्याच पोटच्या पोरीने आपल्याला असं खेळवावं? त्यांनी डबा आपटून बंद केला. आल्या आल्या तिला वाचायला मिळू दे, म्हणून त्यांनी उशीखालची मापांची जुनी वही ओढली आणि कोरं पान शोधायला मागून उघडली.

शेवटचं पान कोरं नव्हतं. "पोरीला काही बोलू नकोस," असं तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं. "डबा होता तसा ठेव. तुला कळलंय हे तिला कळलं, तर ती कोलमडेल." अक्षरांवर रेघ नव्हती. खाली लांब शेपटीच्या सतरा खुणा होत्या. काकूंनी त्या दोनदा मोजल्या. मग कानामागची पेन्सिल काढली आणि अठरावी केली.